कुटुंबांच्या जहाजावर दोघेंच

मराठींत ‘कुटुंब’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. आईबाप, मुलेंबाळें, आजीआजोबा असा सारा परिवार हा त्याचा एक अर्थ. दुसरा अर्थ जुन्या पिढीच्या तोंडीं सर्रास असे. तो म्हणजे पत्नी. ‘आमचें कुटुंब माहेरीं गेलें आहे,’ असें एखादा गृहस्थ म्हणे, तेव्हां त्याच्या घरची गृहिणी तेवढी माहेरीं गेली आहे, असें ऐकणारा समजे. त्या भाषेच्या हिशेबानें लग्न झालें कीं कुटुंब झालें. मुलें होण्याची वाट ती भाषा पाहत नसे.

आतां हा दुसरा अर्थ मागें पडला आहे. ‘संपूर्ण कुटुंबासाठीं सागरी सफर’ अशी जाहिरात जेव्हां छापली जाते, तेव्हां तिच्यांतील चित्रांत नवरा, बायको आणि त्यांचीं दोन मुलें अशीं चौघें कठड्याला टेकून समुद्राकडे पाहत असतात. अहिल्यानगरच्या सावेडीसारख्या वस्तींत राहणारें, मूलबाळ नसलेलें एखादें मध्यम वयाचें दांपत्य ही जाहिरात पाहतें. समुद्राची हौस दोघांनाही असते, आणि गांठीला थोडा पैसाही असतो. परंतु चित्र पाहून बाई कागद बाजूला ठेवतात व म्हणतात, ‘‘हें मुलाबाळांच्या लोकांसाठीं आहे. तेथें आपण दोघें जाऊन काय करणार?’’ यजमान यावर कांहीं बोलत नाहींत, आणि बेत तेथेंच मोडतो. तो मोडावा कीं नाहीं, हें ठरविण्यापूर्वीं अशा जहाजावरील व्यवस्था काय असते, तेथील दिवस कसा जातो, आणि दोघांच्याच कुटुंबाला तेथें कितपत जागा आहे, याचा शांतपणें विचार झाला पाहिजे.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींचा अहमदनगर, हा जिल्हा क्षेत्रफळानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटरांचा. पण त्याला समुद्राचा हातभरही किनारा नाहीं. पाण्यावरची सहल म्हटली कीं येथील लोकांना अकोले तालुक्यांतील भंडारदरा आठवतें. १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या विल्सन धरणानें तेथें प्रवरेचें पाणी अडविलें आहे. त्या जलाशयांत नावेंतून थोडें फिरून येणें हीच पुष्कळांची जलसफर. निजामशाहीच्या काळीं मात्र या नगराचा समुद्राशीं निकटचा संबंध होता. १४९० सालीं वसलेल्या या शहरांतून ज्या राज्याचा कारभार चाले, त्याच्या ताब्यांत चौलसारखें नांवाजलेलें बंदर होतें. आज नगरकराला समुद्र गांठावयाचा, तर मुंबईची वाट धरावी लागते, आणि माळशेज घाटानें ती सुमारें अडीचशें किलोमीटरांची आहे.

कोंकणच्या माणसाला बोट नवी नाहीं. परंतु कोंकणची बोट ही गांवीं पोंचविणारी बोट होती. उतारूचें सारें लक्ष बंदर केव्हां येतें याकडे असे. सहलीच्या जहाजाची गोष्ट याच्या उलट आहे. तेथें जहाज हेंच मुक्कामाचें ठिकाण असतें, आणि वाटेंतील बंदरें हीं केवळ पाय मोकळे करण्याचीं स्थळें असतात. ही कल्पना विलायतेची. १८४४ सालीं पी. अँड ओ. कंपनीनें साऊथँप्टनहून भूमध्य समुद्राकडे अशा सफरी सुरू केल्या, आणि त्या वर्षीं गेलेल्या थॅकरे या इंग्रज कादंबरीकारानें आपल्या प्रवासावर एक पुस्तकही लिहिलें. पुढें १८९१ सालीं आल्बर्ट बालीन या जर्मन गृहस्थानें, हिंवाळ्यांत उतारूंअभावीं अडून राहणारें अटलांटिकवरील एक मोठें जहाज हौशी प्रवाशांना घेऊन भूमध्य समुद्रांत फिरविलें, आणि या धंद्याला निश्चित वळण लागलें.

मुंबईच्या धक्क्यावरून अशा सफरींना अलीकडे बहर आला. ऑक्टोबर २०१८ मध्यें मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही बोट सुरू झाली. ती पुढें बंद पडली. सप्टेंबर २०२१ मध्यें कॉर्डेलिया कंपनीनें ‘एम्प्रेस’ हें जहाज आणून मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरी काढल्या. १९९० सालीं फ्रान्समध्यें बांधलेलें हें जहाज सुमारें २११ मीटर लांबीचें असून तें मुळांतच तीन-चार दिवसांच्या लहान सफरींसाठीं बांधलें गेलें होतें.

या लहान मुदतीमुळेंच अशा जहाजावर मुलांची गर्दी फार असते. मुलांना शाळा आणि वडिलांना कचेरी. तीन-चार दिवसांची सवड तेवढी सर्वांना मिळूं शकते. म्हणून जहाजवाले मुलांसाठीं खेळण्याची खोली ठेवतात, चढण्याची भिंत उभारतात, जादूचे प्रयोग लावतात. डिस्ने कंपनीनें १९९८ सालीं जें पहिलें जहाज काढलें, तें तर मुलांवर नजर ठेवूनच काढलें. परंतु ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, त्याच जहाजावर पोहण्याचा एक तलाव आणि एक भोजनगृह हीं केवळ प्रौढांसाठीं राखलेलीं आहेत. मुलांच्या जहाजावरही मोठ्या माणसांना निवांत कोपरा लागतो, हें त्या व्यवहारी लोकांनीं प्रथमपासून ओळखलें. अठरा वर्षांखालील कोणालाच न घेणारीं जहाजेंही इंग्लंड-अमेरिकेकडे आहेत. पण तीं दूरचीं, आणि त्यांचा खर्चही मोठा. मुंबईहून निघणाऱ्या नगरकर दांपत्याला मुलांनीं गजबजलेल्या जहाजावर आपली जागा शोधणें हाच सरळ मार्ग आहे.

ही जागा शोधूं लागलें कीं पहिलें आश्चर्य भाड्याच्या तक्त्यांत भेटतें. जहाजाच्या खोलीचें भाडें साधारणपणें दोन माणसें धरून आकारलेलें असतें. एकट्या उतारूला बहुधा दुसऱ्याच्या जागेचाही बराचसा पैसा भरावा लागतो. तिसरें आणि चवथें माणूस, म्हणजे बहुधा मुलें, यांना त्याच खोलींत वरच्या फळीवर किंवा कोचावर निजवितात आणि त्यांचें भाडें कमी घेतात. याचा अर्थ असा कीं, जाहिरातींतील चित्रांत चौघें असलीं, तरी जहाजाच्या हिशेबवहींत पूर्ण एकक दोघांचेंच आहे. बाकीचीं त्यांत मिळविलेलीं. जुन्या मराठीनें जें मानलें, तेंच जहाजाचा कारकून मानतो. दोघांचें कुटुंब तेथें कोणाच्या मेहेरबानीनें येत नाहीं; तें पुऱ्या भाड्याचें आणि पुऱ्या मानाचें गिऱ्हाईक असतें.

दुसरी सोय पंचांगाची. मुलांच्या आईबापांना मे महिन्याची सुटी, दिवाळीची सुटी आणि नाताळचा आठवडा यांपलीकडे सहसा जातां येत नाहीं. त्या दिवसांत जहाज भरगच्च असतें, आणि भाडेंही चढतें. ज्यांच्या घरीं शाळेचें वेळापत्रक नाहीं, त्यांनीं याच दिवसांत जाण्याचें कारण नाहीं. पावसाळ्यांत कोंकणचा समुद्र खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून कोळी लोक होड्या पाण्यांत लोटतात, त्यामागें हाच अनुभव आहे. दिवाळीनंतर समुद्र शांत होत जातो. फेब्रुवारी-मार्चमध्यें दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, व धाकट्यांच्याही परीक्षांचे दिवस जवळ आलेले असतात, म्हणून मुलांचीं घरें जागची हलत नाहींत. शांत समुद्र आणि मोकळें जहाज यांची गांठ पडते ती जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत. त्यांतही शनिवार-रविवार टाळले तर अधिक चांगलें. दांपत्यापैकीं एकजण शिक्षक असला तर मात्र त्यालाही सुटीचीच वाट पाहावी लागते. त्यानें सुटीचा पहिला आठवडा सोडून पुढचा घ्यावा, आणि गर्दी गृहीत धरूनच निघावें.

तिसरा विचार खोलीचा. स्वस्त खोली आंतल्या बाजूची, बिनखिडकीची असते. त्याहून महाग ती खिडकीची, आणि सर्वांत महाग सज्जाची. जीं कुटुंबें दिवसभर खेळ-तमाशांत असतात, त्यांना खोली निजण्यापुरतीच लागते. त्यांचें आंतल्या खोलींत भागतें. दोघांच्या सफरीचा हेतु वेगळा असतो. समुद्राकडे पाहत बसणें हेंच ज्यांना हवें आहे, त्यांनीं भेटवस्तु आणि किनाऱ्यावरील मोटारी यांत थोडी काटकसर करावी व ते पैसे सज्जावर घालावे. गर्दीचा कंटाळा आला कीं परतण्यास आपला एक उंबरठा असावा, हें सज्जाचें खरें मोल आहे. मागणी नोंदवितांना आणखी तीन गोष्टी विचाराव्या. खोली पोहण्याच्या तलावाच्या अगदीं खालीं नसावी, कारण पहांटे खुर्च्या ओढण्याचा आवाज माथ्यावर येतो. ती नाटकगृहाच्या वर नसावी. आणि शेजारच्या खोलींत उघडणारें दार तिला नसावें. अशा जोडखोल्या मोठ्या कुटुंबांना देतात, आणि मधल्या दारांतून पलीकडची मुलें सहज ऐकूं येतात. जहाजाच्या मध्यभागीं, खालच्या मजल्यावर हेलकावा सर्वांत कमी लागतो, हेंही पहिल्यानेंच समुद्रावर जाणाऱ्या घाटावरच्या माणसानें ध्यानांत ठेवावें.

आतां जहाजावरील दिवस. रोजचा कार्यक्रम छापील कागदावर किंवा हल्लींच्या पद्धतीप्रमाणें मोबाइलवर मिळतो. मुलांचीं कुटुंबें तो वाचतात ती कोठें जावें हें पाहण्यासाठीं. दोघांनीं तो वाचावा कोठें जाऊं नये हेंही पाहण्यासाठीं. मुलांच्या कार्यक्रमाची जी वेळ असेल, तितका वेळ मुलें एका जागीं असतात आणि उरलेलें जहाज शांत असतें. पोहण्याच्या तलावावर दुपारीं उभें राहण्यास जागा नसते; सूर्योदयाच्या सुमारास तेथील खुर्च्या रिकाम्या असतात. रात्रीं उशिरां आलेलीं कुटुंबें सकाळीं उशिरां उठतात, म्हणून वरच्या मजल्यावर पहांटेची फेरी, चहा आणि उगवता सूर्य हीं त्यांचींच, जीं लौकर उठतील. नगरसारख्या गांवच्या प्रौढ माणसाला लौकर उठणें कांहीं अवघड नसतें.

जहाज गोव्यासारख्या बंदराला लागतें, त्या दिवशीं आणखी एक युक्ति साधते. न्याहारी होतांच बहुतेक कुटुंबें खालीं उतरून किनारा गांठतात, आणि जहाज ओस पडतें. ज्यांनीं गोवा पूर्वीं पाहिला आहे, त्यांनीं त्या दिवशीं जहाजावरच राहावें. तलाव, वाचनाची जागा, भोजनगृह सारें मोकळें मिळतें, आणि त्याबद्दल निराळा आकार पडत नाहीं. ज्यांनीं पाहिला नसेल, त्यांनीं मात्र अवश्य उतरावें. केवळ एकांतासाठीं जुन्या गोव्याचीं देवळें-चर्चें सोडणें हा शहाणपणा नव्हे.

जेवणाच्या पंक्तीचा प्रश्न याहून नाजूक आहे. भोजनगृहांत जर पाळ्या असतील, तर पहिली पाळी मुलांच्या कुटुंबांची असते. दोघांनीं दुसरी मागावी. दोघांचें मेज हवें असल्यास तें आरंभींच सांगावें, नाहीं तर अनोळखी कुटुंबाबरोबर बसण्याची पाळी येते. अशी संगत वाईटच असते असें नव्हे. कित्येकांची चांगली ओळखही होते. परंतु आपल्या लोकांत ओळखीचा दुसरा किंवा तिसरा प्रश्न ठरलेला असतो: ‘‘मुलें किती? बरोबर नाहीं आणलीं?’’ विचारणाऱ्याच्या मनांत वाईट नसतें. ‘कोठले?’ या प्रश्नासारखाच तो विचारला जातो. पण ज्यांनीं या प्रश्नाचें उत्तर वीस वर्षें मंगळागौरींत, डोहाळजेवणांत, हळदीकुंकवांत आणि बारशांत दिलें आहे, त्यांना तो समुद्रावर पुन्हा ऐकणें जड जातें. कित्येक दांपत्यांच्या मनांतील खरी अडचण हीच असते. मुलांचा गलबला ही त्यामानानें किरकोळ गोष्ट.

या अडचणीला साधा उपाय आहे. उत्तर काय द्यावयाचें, हें दोघांनीं घरून निघतांनाच ठरवावें. ‘‘आम्ही दोघेंच आहोंत,’’ हें पुरें उत्तर आहे. त्यांत खोटें नाहीं, आणि त्यापुढें खुलाशाचें देणेंही नाहीं. त्यानंतर लगेच ‘‘आपण कोठले?’’ असें उलट विचारलें, म्हणजे संभाषण आपोआप पुढें सरकतें. एकानें एक सांगावें आणि दुसऱ्यानें दुसरें, असें मात्र होऊं नये. परक्याच्या प्रश्नापेक्षां त्या विसंगतीनेंच मन अधिक दुखावतें.

याहूनही महत्त्वाचें बोलणें दोघांनीं आपसांत केलें पाहिजे. मूल नसण्याचें दुःख दोघांना एकाच मापानें आणि एकाच वेळीं होतें असें नाहीं. मुलांना पाण्यांत खेळतांना पाहून यजमानांना करमणूक वाटेल, आणि त्याच वेळीं बाईंना तेथून उठून जावेंसें वाटेल. किंवा याच्या उलटही होईल. दोहोंतही चूक कोणाची नाहीं. कित्येक दांपत्यांना मुलांच्या गजबजाटांत खरोखरच बरें वाटतें, आणि शेजारच्या मेजावरील पोरांशीं त्यांची गट्टी जमते. कित्येकांना मूल नको, असें त्यांनीं स्वतःच ठरविलेलें असतें. त्यांच्यापुढें हा प्रश्नच नसतो. ज्यांना तें दुःख ताजें आहे, त्यांनीं कांहीं दिवस अशा सफरीचा बेत पुढें ढकलला, तर त्यांत भित्रेपणा नाहीं. पण तो बेत ‘लोक काय म्हणतील’ म्हणून मोडूं नये. ही स्थिति कांहीं अपवादाची नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अहवालाप्रमाणें जगांतील प्रौढ माणसांपैकीं सुमारें सहांत एकाला आयुष्यांत केव्हां ना केव्हां वंध्यत्वाचा अनुभव येतो. शेंकडों उतारूंच्या जहाजावर असें दांपत्य एकटेंच असण्याचा संभव कमी.

दोघांचें कुटुंब हें अपुरें कुटुंब, असें मानणारानें याच नगरच्या इतिहासांतील एक गोष्ट आठवावी. सावित्रीबाई फुले यांनीं अध्यापनाचे धडे नगर येथें मिस फॅरार यांच्या शाळेंत घेतले. त्यांना व जोतीरावांना पोटचें मूल नव्हतें. जोतीरावांनीं त्यासाठीं दुसरें लग्न केलें नाहीं. १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा त्यांनीं काढली, ती दोघांनीं मिळून. यशवंताला त्यांनीं दत्तक घेतलें तें पुष्कळ पुढें, १८७४ सालीं. मधल्या सव्वीस वर्षांत त्या घराला कुटुंब म्हणावयाचें नाहीं, असें कोण म्हणेल?

एक गोष्ट मात्र दोघांनींही पाळावयाची असते. जहाज मुलांसाठीं म्हणून सजविलें आहे हें माहीत असून तेथें गेल्यावर, मुलें ओरडतात म्हणून कपाळाला आठ्या घालणें बरें नव्हे. मुलाला पाण्यांत उडी मारण्याचा जेवढा हक्क आहे, तेवढाच शेजारच्या खुर्चींतील माणसाला पुस्तक वाचण्याचा आहे. परंतु पाण्याचे चार थेंब पुस्तकावर उडणारच.

निघण्याच्या तयारीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. जहाज कोणासाठीं थांबत नाहीं. उतारूंना सुटण्याच्या कांहीं तास आधींच आंत घेतात व नंतर नोंदणी बंद होते. म्हणून नगरहून त्याच दिवशीं सकाळीं निघण्याचें धाडस करूं नये. घाटांत गाडी अडली कीं पैसे बुडाले. आदल्या दिवशीं मुंबईस मुक्काम करावा. देशांतील सफरीला ओळखपत्र चालतें. परदेशच्या बंदराला जाणाऱ्या सफरीला पारपत्र हवें. बोट लागण्यावरील गोळ्या डॉक्टरांना विचारून जवळ ठेवाव्या, आणि मळमळूं लागल्यास उघड्यावर येऊन क्षितिजाकडे पाहावें. किनारा दूर राहिला कीं दूरध्वनि लागत नाहीं. घरीं म्हातारे आईवडील असल्यास त्यांना हें आधीं समजावून सांगावें, व जहाजाचें नांव, खोलीचा क्रमांक आणि परतण्याचा दिवस हीं लिहून शेजारीं द्यावीं.

समुद्राची भीति वाटणें स्वाभाविक आहे. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंवर माणसें गेलीं, ही आठवण महाराष्ट्र विसरलेला नाहीं. जानेवारी २०१२ मध्यें इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कॉस्टा कोंकॉर्डिया’ हें सहलीचें जहाज खडकावर आदळून ३२ माणसें दगावलीं, तेव्हां त्याच संध्याकाळीं चढलेल्या शेंकडों उतारूंची संकटकाळची कवाईत अद्याप झालेलीच नव्हती. तेव्हांपासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला, आणि १ जानेवारी २०१५ पासून नव्या उतारूंची ही कवाईत जहाज सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांच झाली पाहिजे, असें ठरलें. ती कंटाळवाणी वाटली तरी चुकवूं नये. आपला जमण्याचा मजला कोणता, आणि तेथें जिन्यानें कसें जावयाचें, हें दोघांनीं एकदां चालून पाहावें.

त्या कवाईतीच्या वेळीं खोलीच्या क्रमांकानें हजेरी घेतात. चौघांच्या खोलींतील चार मोजतात, दोघांच्या खोलींतील दोन मोजतात, आणि दोन भरले कीं ती खोली पूर्ण झाली, अशी खूण करून पुढें जातात. कागद बाजूला ठेवणाऱ्या बाईंनीं तो पुन्हा हातीं घ्यावा, आणि यजमानांनीं त्या वेळीं गप्प न बसतां फेब्रुवारीचें पंचांग काढावें, इतकें झालें तरी पुरे. जाणें न जाणें हा मग त्या कुटुंबाचा प्रश्न.